५० लाखांवर थांबलेलं सलाईन : आरोग्यमंत्र्यांना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व संबंधित अधिकारी

सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, यंदा बारावीला. त्याला फॅब्री नावाचा आजार आहे. तो त्याला माझ्याकडून आला आणि मला माझ्या वडिलांकडून. या आजारावर औषध आहे, आणि सरकारच्या मदतीने ते माझ्या मुलाला सुरूही झालं होतं. पण केंद्राच्या धोरणात एका रुग्णामागे ५० लाखांची मर्यादा आहे. वर्ष भरायच्या आत ती संपली आणि औषध बंद झालं. आज तो पुन्हा रात्री पाय ओल्या पंच्यात गुंडाळून झोपतो.

आपल्याकडे रोज शेकडो अर्ज येत असतील. म्हणून हा आजार काय आहे ते आधी आमच्या घरातून सांगते.

माझे वडील शेतकरी होते. मला आठवतं तेव्हापासून ते रात्री ओसरीवर शहाबादी फरशीला तळवे टेकवून झोपायचे. दुपारी विहिरीवर मोटर चालू असली की पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचे. आजी काशाच्या वाटीने तूप लावून त्यांचे तळपाय घासायची, वाटी काळी पडली की म्हणायची, "बघ, किती उष्णता निघाली." भर उन्हात नांगर धरला तरी त्यांच्या अंगाला घाम नसायचा. गावातले लोक त्याचं कौतुक करायचे. पुढे पाय सुजले, क्रिएटिनिन वाढलं, डायलिसिस सुरू झालं. १९९६ साली ते गेले तेव्हा ४३ वर्षांचे होते. कागदावर कारण लिहिलं होतं, किडनी निकामी. ती कशाने निकामी झाली हे कोणी विचारलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना शाळेतून आला आणि दप्तर न काढताच मोरीत जाऊन नळाखाली पाय धरून उभा राहिला. मी काशाची वाटी काढली. आजीने केलं तेच मी केलं.

नंतरची सहा वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती आठवताना मला अजून त्रास होतो. पहिल्या डॉक्टरांनी वाढीचं दुखणं म्हणून कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी रक्तातला एएसओ, म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गाची खूण, थोडा वाढलेला पाहून सांधेवाताचा ताप ठरवला, आणि माझ्या मुलाला दोन वर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन टोचलं गेलं. बेंबीच्या खाली, मांड्यांवर लालजांभळे ठिपके आले, त्यांना घामोळं म्हटलं गेलं. ज्या मुलाला घामच येत नाही, त्याला घामोळं. एका मोठ्या दवाखान्यात नसांची तपासणी झाली, एनसीव्ही. ती नॉर्मल आली. डॉक्टर मुलाला बाहेर पाठवून मला म्हणाले, "मॅडम, अभ्यासाचं टेन्शन असेल, समुपदेशकाला दाखवा." त्या रात्री मी त्याला रागावले. ते मी कधीही विसरणार नाही.

निदान झालं ते चष्म्याचा नंबर काढताना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशिनीतून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले की याच्या बुबुळावर भोवऱ्यासारख्या बारीक रेषा आहेत, नजरेला त्यांचा धोका नाही, पण या कुठून आल्या ते शोधायला हवं. मग मला म्हणाले, "ताई, तुम्हीही जरा इथे हनुवटी टेकवा." माझ्याही डोळ्यांत तोच भोवरा होता. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "माहेरी कुणाला किडनीचा आजार होता का?" वडील जाऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती.

आपल्या शरीरात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए नावाचं एक प्रथिन असतं, एक एन्झाइम. पेशीत साठणारा एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ फोडून निचरा करणं हे त्याचं काम. फॅब्रीच्या रुग्णात हे प्रथिन नसतं किंवा अगदी कमी असतं. मग तो पदार्थ साचत जातो, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, किडनीत, हृदयात आणि नसांत. सगळ्यात आधी बोलतात त्या हातापायांच्या बारीक नसा, ज्या थंड, गरम आणि वेदना कळवतात आणि घाम सोडायला सांगतात. म्हणून आग होते आणि म्हणून घाम येत नाही. एनसीव्ही मोजते जाड नसा. बारीक नसा जळत असताना तो रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे मला एका तरुण डॉक्टरने कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्या रात्रींचा हिशोब लागला. जर्मनीत योहानेस फॅब्री आणि इंग्लंडमध्ये विल्यम अँडरसन या दोन डॉक्टरांनी १८९८ साली हा आजार स्वतंत्रपणे नोंदवला होता. वडील गेले तेव्हा त्या नोंदीला जवळजवळ १०० वर्षं होत आली होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अर्धवट उपचारांची आहे. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात आजारांचे तीन गट आहेत, आणि फॅब्री तिसऱ्या गटात आहे. उपचार उपलब्ध आहेत पण फार महाग आहेत आणि आयुष्यभर घ्यावे लागतात, अशा आजारांचा हा गट. त्या गटातही फॅब्रीला ज्या यादीत ठेवलंय, तिच्यावर सरकारनेच लिहिलं आहे की या उपचारांचे दीर्घकाळ चांगले परिणाम होतात याला पुरेसा आधार आहे. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख झाली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. खोटं कशाला सांगू.

हे औषध म्हणजे ते नसलेलं प्रथिनच. वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, दर पंधरवड्याला, शिरेतून. माझा मुलगा ५० किलोचा. म्हणजे एक ३५ मिलिग्रॅमची कुपी आणि तीन ५ मिलिग्रॅमच्या. सिस्टर त्या कुप्या हलवत नाहीत. तळहातावर तिरप्या धरून हळूहळू फिरवतात, फेस येऊ देत नाहीत. मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बघायची. एका वर्षात असे २६ डोस. मूल वाढतं, वजन वाढतं, तसा डोस वाढतो आणि खर्चही वाढतो. मर्यादा मात्र तिथेच. आयुष्यभराच्या औषधाला एकदाच मिळणारे ५० लाख, यात पुढचं आयुष्य कुणी मोजलं?

औषधाने काय झालं तेही सांगते. सात-आठ डोस झाले असतील. एका संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून डबा घेऊन आला आणि ओट्यावर ठेवायला वाकला. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. मी पदराने पुसले नाहीत, तसेच राहू दिले. त्याचे वडील म्हणाले, फोटो काढ. पोराला घाम आला म्हणून आम्ही दोघं स्वयंपाकघरात रडलो.

त्यानंतर पाच महिन्यांनी मर्यादा संपल्याचं कळवण्यात आलं. तिथले डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, त्यांनी आपल्या लेकरासारखं केलं. त्यांच्या हातात काही नव्हतं. धोरणात पुढचा मार्ग दिला आहे तो लोकवर्गणीचा. सरकारी पोर्टलवर रुग्णाची नोंद होते, दानशूर व्यक्ती आणि कंपन्यांनी मदत करावी अशी अपेक्षा असते. साहेब, नसांना वर्गणी जमेपर्यंत थांबता येत नाही. साचलेला पदार्थ औषधाने हटतो, पण एकदा मेलेली किडनीची गाळणी परत येत नाही. औषध जितक्या लवकर सुरू होईल आणि जितकं सलग चालेल तितका उपयोग, हे या आजाराचे सगळे डॉक्टर सांगतात. मध्येच तोडलेला उपचार म्हणजे आधी घातलेले ५० लाखही पाण्यात.

कुणी म्हणेल हा विषय केंद्राचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे आदेश दिले, २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांचे. त्या प्रकरणात न्यायालयात पुढे जे व्हायचं ते होईल. पण आरोग्य हा राज्याचाही विषय आहे. केरळने २०२४ मध्ये दुर्मिळ आजारांसाठी स्वतःची योजना सुरू केली. महाराष्ट्र केरळपेक्षा गरीब नाही.

आणि महाराष्ट्राला हे काम येतं. हिमोफिलिया बघा, रक्त नीट न गोठण्याचा आजार. तोही आईकडून मुलाकडे जाणारा, त्यातही एक प्रथिन जन्मापासून कमी, तेही महाग, तेही शिरेतून द्यायचं. नाशिक, सातारा अशा जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत हिमोफिलियाची डे-केअर केंद्रं आहेत आणि तिथे फॅक्टर, म्हणजे ते कमी असलेलं प्रथिन, मोफत मिळतो. विदर्भात सिकलसेलसाठी गावागावांत तपासणी होते, कार्डं दिली जातात. हे आपल्याच विभागाने उभं केलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. म्हणूनच वाटतं की आमच्या मुलांच्या वेळी "राज्याला शक्य नाही" हे उत्तर खरं नाही.

दुसरी तक्रार पैशांच्या हिशोबाची. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होतं. गरिबाला त्याचा फार मोठा आधार आहे, ते चालूच राहायला हवं. पण माझ्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की किडनी वाचवणाऱ्या औषधासाठी सरकारकडे पैसे नाहीत, आणि किडनी गेल्यावर आठवड्यातून तीनदा मशिनीवर झोपवायला आहेत. माझे वडील त्याच मशिनीवर गेले. मला माझा मुलगा तिथे बघायचा नाही. फॅब्री किडनीवर थांबतही नाही, हृदयाचे स्नायू जाड होतात, तरुणपणी लकवा मारू शकतो. एन्झाइमचा खर्च मोजताना समोरच्या रकान्यात हेही मोजा.

तिसरी तक्रार प्रवासाची. डोससाठी आम्ही रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जायचो, सकाळी दाखल, दुपारपर्यंत सलाईन, रात्री परत. महिन्यातून दोनदा. मुलाची शाळा बुडायची, माझ्या रजा संपल्या, मग बिनपगारी. सुरुवातीचे डोस मोठ्या केंद्रातच व्हायला हवेत हे मला मान्य आहे, कारण थंडी वाजणं, अंगावर पुरळ, श्वास लागणं अशी रिॲक्शन येऊ शकते. पण ते डोस सुरळीत पार पडल्यावर? इंग्लंडमध्ये हे सलाईन रुग्णाच्या घरी जाऊन लावतात. आपल्याकडे निदान जिल्हा रुग्णालयात लागावं. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. लसींसाठी ती साखळी आपण तालुक्यापर्यंत नेली आहेच.

चौथी तक्रार आम्हा बायकांची आहे. या आजाराचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. बापाला आजार असेल तर त्याच्या सगळ्या मुलींकडे तो जातो, मुलग्यांकडे जात नाही. आईकडे असेल तर प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. माझा भाऊ सुटला, आम्ही दोघी बहिणी अडकलो. आम्हाला वर्षानुवर्षं नुसत्या "कॅरिअर", म्हणजे आजार पुढे नेणाऱ्या, म्हटलं गेलं. माझ्या लघवीतून प्रोटीन जातं. ताप आला की माझेही तळवे पेटतात. बायकांमध्ये रक्तातलं एन्झाइम नॉर्मलसुद्धा येऊ शकतं, जीनची तपासणीच करावी लागते, आणि ती मी पदरच्या पैशांनी केली. माझ्या बहिणीने अजून केलेली नाही. सासरी कळलं तर "दोष तुझ्या रक्तात" हे ऐकावं लागेल म्हणून. तिला दोन मुलं आहेत. धाकट्याला उन्हात चक्कर येते असं ती परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेली, आणि लगेच विषय बदलला. तिच्या सासूबाईंशी शांतपणे बोलेल असा एक समुपदेशक सरकारने दिला तर त्या घरातली दोन मुलं वेळेत तपासली जातील. यात सलाईनसुद्धा लागत नाही.

आणि शाळेबद्दल, कारण ते माझं क्षेत्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. दरवर्षी पथक माझ्या शाळेत येतं. दात, डोळे, वजन, रक्तक्षय बघतात, मी शेजारी बसून कार्डं भरते. "हातापायांची आग होते का? उन्हात घाम येतो का? घरात कुणाला तरुण वयात किडनीचा आजार झाला का?" हे तीन प्रश्न त्या कार्डावर नाहीत. माझ्या मुलाला त्याच्या शाळेत मैदानाच्या फेऱ्या मारायला नकार दिला म्हणून कामचुकार ठरवून उन्हात उभं केलं होतं. त्या सरांना मी दोष देत नाही. मी स्वतः त्याची आई असून मला कळलं नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

केंद्राची मर्यादा संपलेल्या रुग्णांचे उपचार एकही डोस न चुकता पुढे चालू ठेवण्यासाठी राज्याने स्वतःचा दुर्मिळ आजार निधी उभारावा, आणि त्याची तरतूद दरवर्षी अर्थसंकल्पात करावी. ज्यांचं औषध आज बंद आहे, त्यांचं आधी सुरू करावं, नियम आणि समित्या नंतर.

राज्याने हे औषध एकत्र खरेदी करावं आणि कंपन्यांशी दर ठरवावा. एकेका रुग्णाच्या नावाने कुप्या मागवल्या तर दर उतरणार कसा?

सुरुवातीचे डोस झालेल्या रुग्णांना पुढचे डोस जिल्हा रुग्णालयात मिळावेत.

राज्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात, किडनी कशाने गेली हे ठरलेलं नाही अशा रुग्णांची एकदा फॅब्रीसाठी तपासणी व्हावी. पुरुषांत सुरुवातीला कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही ती करता येते. एक रुग्ण सापडला तर त्याच्या मागे त्याच्या मुली, बहिणी, नातवंडं सापडतात. माझ्या वडिलांची अशी तपासणी झाली असती तर माझ्या मुलाला पेनिसिलिन टोचलं गेलं नसतं.

बाल स्वास्थ्य पथकाच्या कार्डावर वरचे तीन प्रश्न घालावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात एक तास बारीक नसांच्या आजारांसाठी ठेवावा, आणि एनसीव्ही नॉर्मल म्हणजे नस निरोगी असं नाही हे त्यात ठळक सांगावं.

कुटुंबातल्या बायकांची जीन तपासणी आणि समुपदेशन मोफत व्हावं, आणि त्यांची नोंद रुग्ण म्हणून व्हावी.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आहेत, फॅब्रीचं नाव नाही. यादी केंद्राची आहे, पण राज्याने शिफारस करावी. तोपर्यंत निदान शाळा आणि बोर्डाच्या परीक्षेत या मुलांना पंख्याजवळची जागा, पाण्याची बाटली आणि मध्ये थांबण्याची मुभा देणारं परिपत्रक काढावं. त्याला एक रुपयाही खर्च नाही. माझ्या मुलाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, आणि सोलापूरचं ऊन फेब्रुवारीतच सुरू होतं.

मंत्रिमहोदय, आपल्या कार्यालयाने वेळ दिला तर मी मुलाला घेऊन येईन. त्याची सगळी कागदपत्रं, वडिलांच्या १९९६ च्या केसपेपरसकट, एका निळ्या फाईलमध्ये लावून ठेवली आहेत. शेवटचा डोस झाल्यापासून नऊ पंधरवडे उलटले आहेत. मागच्या महिन्यात त्याच्या लघवीतलं प्रोटीन पुन्हा वाढलं. पुढची तपासणी येत्या महिन्याच्या १२ तारखेला आहे, तिचा रिपोर्टही फाईलमध्ये लावून आणेन.

आपली नम्र,
एक आई, जिल्हा परिषद शिक्षिका आणि फॅब्रीची रुग्ण
सोलापूर जिल्हा